चराईच्या हक्काचं रान

साउथॅम्प्टनचं बंदर मागे पडलं की थोड्याच वेळात रस्त्यावर लोखंडी गजांची जाळी लागते. गाडीची चाकं तिच्यावरून खडखडत पार होतात, पण गजांमधल्या फटींवर जनावराचा पाय ठरत नाही. गुरंढोरं हद्दीबाहेर जाऊ नयेत म्हणून केलेली ही सोय. जाळी ओलांडली की न्यू फॉरेस्ट सुरू होतं आणि रस्त्यावरचा पहिला मान गाड्यांकडे राहत नाही.

पहिल्याच वळणावर एक तपकिरी घोडी शिंगराला पाजत रस्त्याच्या मधोमध उभी होती. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही, काच खाली करून कुणी ओरडलं नाही. "दादा, इथे सगळे असेच थांबतात," गाडी चालवणारी मामेबहीण म्हणाली. "घाई असेल त्याने दुसरा रस्ता धरायचा." शिंगराचं पोट भरलं, घोडीने मान झटकली आणि दोघं रमतगमत गवतात उतरली. मग गाड्या हलल्या.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, मुख्यतः हॅम्पशर परगण्यात, माळ, दलदल आणि जुन्या झाडीचा हा मुलूख पसरला आहे. 2005 साली तो राष्ट्रीय उद्यान झाला. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माणसाला बाहेर ठेवणारं फाटक येतं. इथे उलट आहे. गावं, चर्च, चहाची दुकानं, शाळा सगळं आत आहे, आणि पाच हजारांच्या आसपास तट्टं, गाई, गाढवं, शरद ऋतूत डुकरं अशी सगळी जनावरं मोकळी हिंडतात. ती रानटी नाहीत. प्रत्येकाला मालक आहे. या मालकांना 'कॉमनर' म्हणतात. हे रान जसं दिसतं तसं दिसण्याचं श्रेय त्यांचं आहे, असं माझं मत तिथे फिरताना पक्कं होत गेलं.

गोष्ट 1079 च्या सुमारास सुरू होते. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने हा टापू आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. हरणांना मोकळं फिरता यावं म्हणून लोकांनी शेतांना कुंपण घालण्यावर बंधनं आली. हरीण मारणाऱ्याला शिक्षा भयंकर. पण कुंपणच नाही म्हटल्यावर लोकांची गुरंही रानात चरणार हे ओघानेच आलं, आणि त्या चरण्याचा हळूहळू हक्क झाला. 1217 च्या वनसनदेने अशा हक्कांना राजाची मान्यता दिली. लहरी राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या जमिनीवर शेतकऱ्यांचा पाय असा रोवला गेला, तो आजवर हललेला नाही.

विल्यमचा मुलगा आणि पुढचा राजा विल्यम रूफस 2 ऑगस्ट 1100 रोजी याच रानात शिकारीत बाण लागून मेला. वॉल्टर टिरेल नावाच्या सरदाराचा बाण, असं इतिहास सांगतो; तो चुकून लागला की नेम धरून, हा वाद नऊशे वर्षं चालू आहे. जागा म्हणून दाखवतात तिथे एक दगड आहे. लोक त्याची ढलपी काढून नेत, म्हणून 1841 मध्ये त्याला ओतीव लोखंडाचं आवरण घातलं. राजाचं प्रेत एका कोळसेवाल्याने आपल्या गाडीतून विंचेस्टरला नेलं, अशी आख्यायिका आहे.

लिंडहर्स्ट हे या मुलखाचं मुख्य गाव. एकच मोठा रस्ता, त्यावर बेकरी, बूट-छत्र्यांची दुकानं, आणि टोकाला लाल विटांची जुनी सरकारी इमारत. तिच्यात व्हर्डररांची कचेरी आणि कोर्ट भरतं. व्हर्डरर म्हणजे या रानाचे पंच. एकूण दहा जण. त्यांतले पाच कॉमनर मंडळी मतदानाने निवडतात, प्रमुख राजाकडून नेमला जातो, बाकीचे वेगवेगळ्या सरकारी संस्थांकडून येतात. बहुतेक महिन्यांत एकदा दरबार भरतो आणि तो सगळ्यांना खुला असतो.

आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. ओकच्या लाकडाचं जुनं, काळं पडलेलं सभागृह. भिंतीवर एक मोठी रिकीब टांगलेली. राजाच्या हरणांना धोका नको म्हणून जो कुत्रा या रिकिबीतून पार होणार नाही इतका मोठा, त्याची नखं छाटत, असं सांगतात. कामकाजाच्या सुरुवातीला एका माणसाने उभं राहून खणखणीत आवाजात पुकारा केला: ज्याला जे मांडायचं असेल त्याने पुढे यावं, त्याचं ऐकलं जाईल. मग लोक एकेक करून लाकडी कठड्यात उभे राहू लागले. चिखलाचे बूट घातलेला एक तरुण, पाठीत वाकलेली एक आजी, शहरी पेहरावातले एक गृहस्थ. विषय मोकाट सोडलेल्या कुत्र्यांचा, रात्री वेगाने जाणाऱ्या गाड्यांचा, माळावर उमटणाऱ्या सायकलींच्या चाकोऱ्यांचा. कुणी आवाज चढवला नाही. पंचांनी ऐकलं, टिपून घेतलं, आभार मानले. कठड्यातल्या आजीचं बोलणं लांबलं, तरी तिला कुणी आवरतं घ्यायला सांगितलं नाही. आपल्याकडे ग्रामसभेत तावातावाने बोलल्याशिवाय मुद्दा पोचत नाही असं मानतात. इथे सगळी ताकद टिपून घेणाऱ्याच्या वहीत होती.

हे हक्क माणसाला चिकटलेले नसतात, जमिनीला आणि घराला चिकटलेले असतात. घर विकलं की हक्कही गेला. चराईचा हक्क सगळ्यांत मोठा. त्याखेरीज जळणाचा एक हक्क आहे. तो घराच्या चुलीला जोडलेला, मिळालेलं लाकूड त्याच घरात जाळायचं. जमिनीतलं पीट कापून नेण्याचाही एक हक्क आहे, तो आता वापरात नसल्यासारखाच. आणि एक आहे डुकरांचा.

तो डुकरांचा हक्क आम्हाला वाटेत प्रत्यक्ष दिसला. सप्टेंबर अर्धा उलटला होता, ओकची फळं पडायला लागली होती. झाडाखाली सात-आठ तांबूस डुकरं नाकाने पाचोळा उलथत, कचाकचा आवाज करत खात होती. नाकात तारेच्या कड्या, म्हणजे जमीन फार खोल उकरली जाऊ नये. ओकची हिरवी फळं घोड्यांना आणि गुरांना विषारी असतात. डुकरांना ती बाधत नाहीत. म्हणून दर शरद ऋतूत निदान साठ दिवस डुकरं रानात सोडायची रीत आहे. एका जनावराचं विष ते दुसऱ्याचं अन्न, ही नोंद शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी केली आणि तिचा कायदा झाला. दुपारी गावच्या पबमध्ये याच रानात वाढलेल्या डुकराचे सॉसेज, कुस्करलेला बटाटा आणि कांद्याचा दाट रस्सा असं ताट समोर आलं. मांसाला किंचित गोडसर, दाण्यासारखी चव होती. बहिणीने चीज, पाव आणि लोणच्याची थाळी मागवली. आंबट तपकिरी लोणचं, तेल नाही, मोहरी नाही, तरी चीजबरोबर झकास लागतं. टेबलांखाली ओल्या अंगाचे कुत्रे झोपले होते, आणि आत येणारा प्रत्येक जण आधी कुत्र्याची चौकशी करी, मग माणसाची.

पुढे झाडी. बोल्डरवुड आणि राइनफील्डच्या बाजूला बीच आणि ओकची जुनी राई आहे. पहिली गोष्ट नजरेत भरते ती खालची मोकळीक. माणसाच्या डोक्याच्या थोड्या वरपर्यंत एकही पान नाही, कात्री फिरवल्यासारखी सरळ रेघ. तट्टं आणि हरणं मान उंचावून पोचतील तेवढं सगळं खाऊन टाकतात. त्यामुळे राईत दूरवर दिसतं, उजेड तिरपा आत येतो आणि पायाखाली शेवाळ मऊ लागतं.

नाइटवुड ओक नावाचा एक वृक्ष आहे. पाचशे वर्षांहून जुना, घेर सात मीटरपेक्षा जास्त. पुरुषभर उंचीवर त्याचं खोड अनेक फांद्यांत फुटतं, कारण कोवळेपणी त्याचा शेंडा छाटला होता. असं छाटल्यावर झाडाला पुन्हा पुन्हा धुमारे येतात, गुरांना पाला आणि घरांना जळण मिळतं, झाडही शतकानुशतकं जगतं. 1698 मध्ये कायद्याने ही छाटणी बंद केली. आरमाराला जहाजांसाठी लाकूड हवं होतं. म्हणून छाटलेला जुना ओक दिसला की तो त्या कायद्याच्या आधीचा, बहुधा गावकऱ्यांच्या कुऱ्हाडीने वाचवलेला, असा हिशोब मांडता येतो. मी त्याच्या सालीवर हात ठेवला. भेगा इतक्या खोल की बोटाची दोन पेरं आत जात होती, आणि आत कोळ्याने जाळं विणलं होतं.

जहाजांची ती भूक कुठवर गेली हे ब्यूली नदीकाठी बकलर्स हार्डला समजतं. समोरासमोर विटांच्या घरांच्या दोन ओळी आणि मध्ये नदीपर्यंत उतरत जाणारी विलक्षण रुंद हिरवळ. ती रुंदी लाकडाचे ओंडके ठेवायला होती. ॲडमिरल नेल्सनच्या लाडक्या 'ॲगमेम्नॉन' या युद्धनौकेची बांधणी इथेच होऊन ती 1781 मध्ये पाण्यात उतरली. अशा एका जहाजाला हजारांच्या घरात ओक लागत. ओक वाढायला शंभर वर्षं, तोडायला एक दुपार. इंग्लंडचे ओक अपुरे पडले तेव्हा नजर मलबारच्या सागवानाकडे वळली. 1806 मध्ये मलबारात कंपनी सरकारने पहिला वनसंरक्षक नेमला, कॅप्टन वॉटसन, तो सागवान मिळवण्यासाठीच. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यांतली 1817 ची 'ट्रिंकोमाली' अजून पाण्यावर आहे, इंग्लंडच्या ईशान्येला हार्टलपूलमध्ये. बकलर्स हार्डच्या हिरवळीवर उभं राहून मला मुंबईची गोदी आठवली ती उगाच नव्हे.

ओकसाठी सरकारने इथेही माळ बळकवायला सुरुवात केली होती. 1851 मध्ये संसदेने ठरवलं की रानातली हरणं काढून टाकायची आणि त्या बदल्यात सरकारला आणखी दहा हजार एकर कुंपणात घेऊन झाडं लावता येतील. लोकांची चराई आक्रसू लागली. कॉमनर लढले. त्यांच्या बाजूने चित्रकार, निसर्गप्रेमी, काही जमीनदारही उभे राहिले. अखेर 1877 चा कायदा झाला. नवी कुंपणं थांबली, व्हर्डररांचं कोर्ट नव्याने घडवलं गेलं आणि त्यात कॉमनर मंडळींचे प्रतिनिधी बसले.

पुढच्याच वर्षी, 1878 मध्ये, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात वनकायदा केला. त्याने जंगलांची वर्गवारी केली आणि राखीव जंगलांत गावाचे पिढ्यानपिढ्यांचे हक्क नोंद झाली नाही तर संपले असं ठरवलं. चराई, जळण, पालापाचोळा हे सगळं सरकारच्या मेहेरबानीचं झालं. हॅम्पशरच्या शेतकऱ्याला हक्क आणि ठाण्याच्या, साताऱ्याच्या शेतकऱ्याला दंड. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि गायरानं गिळल्यावर गरिबाच्या शेरडाकरडांना उभं राहायला जागा उरली नाही, हे कळवळून मांडलं. 1930 मध्ये पुसद, बिळाशी आणि चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहात उतरले. चिरनेरला 25 सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसं मेली. लिंडहर्स्टच्या त्या कोर्टात चिखलाच्या बुटांनी उभा राहिलेला तरुण पाहताना माझ्या मनात हे सगळं उसळून आलं, आणि मला राग आला. तो त्या तरुणावरचा नव्हता. त्याच्या पणजोबांनी जे राखलं ते आमच्या पणजोबांकडून हिरावून घेणारे हात एकाच राजवटीचे होते, यावरचा होता.

ब्यूली रोड स्थानकाजवळ झाडी संपते आणि माळ उघडा पडतो. क्षितिजापर्यंत जांभळा रंग. ऑगस्टमध्ये तो ऐन भरात असतो, आम्ही गेलो तेव्हा ओसरता होता, गंजलेल्या तांब्याकडे झुकणारा. हेदर तीन जातींचं: घंटीसारख्या गडद फुलांचं कोरड्या चढावर, बारीक फिक्या फुलांचं सगळीकडे, आणि पानं चौकडीत असलेलं ओलसर खोलगटात. त्यात पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्सची झुडपं. एक तट्टू तीच गॉर्स खात होतं. वरचा ओठ मागे दुमडून, दातांनी काट्याचा शेंडा अलगद धरून, चावून चावून. हिवाळ्यात गवत संपलं की ही जनावरं गॉर्सवर आणि हॉलीच्या पानांवर तग धरतात.

हा माळ माणसाने घडवलेला आहे. कांस्ययुगातल्या लोकांनी झाडं तोडली, रेताड जमिनीतला कस पावसाने धुऊन नेला आणि आम्लधर्मी मातीत हेदर माजलं. चराई थांबली, हिवाळ्यात पट्ट्यापट्ट्याने गॉर्स-हेदर जाळणं थांबलं, तर थोड्या वर्षांत बर्च आणि पाइन उगवून हे सगळं झाकून टाकतील. इंग्लंडमधले असे सखल माळ गेल्या दोनशे वर्षांत बहुतांश नाहीसे झाले. इथला टिकला तो गुरांच्या दातांमुळे. ब्रिटनमधले सहाही जातींचे सरपटणारे प्राणी या मुलखात सापडतात. डार्टफर्ड वॉर्ब्लर हा लाल डोळ्यांचा चिमुकला पक्षी गॉर्सच्या आधाराने हिवाळा काढतो.

खोलगटात पाणी साचून दलदल झाली आहे. तिथे फळ्यांची वाट टाकलेली. बहीण एकदम खाली वाकली. "दादा, हे बघ, दवबिंदू!" शेवाळात नाण्याएवढी लाल पानं, त्यांवर केसांसारखे तंतू आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब. एका पानाने चिलट पकडलं होतं. तंतू हळूहळू त्याच्यावर वाकत होते. जाती वेगळ्या, पण किडे खाणारे हे दवबिंदू साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावरही असतात, तेही अशाच कसहीन ओल्या जमिनीत. मातीतून नायट्रोजन मिळत नाही म्हणून किड्यांतून घ्यायचा. कासवर गर्दीपासून फुलं वाचवायला कुंपण घातलं गेलं, तेव्हा गुरांची चराई बंद झाल्याने उंच गवत माजून छोटी फुलं दबतील का, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला होता. न्यू फॉरेस्टच्या माळावर उभं राहिलं की तो प्रश्न किती नेमका होता ते उमगतं.

ब्रॉकनहर्स्टला सेंट निकोलस चर्च टेकाडावर आहे. अंगणात हजार वर्षांहून जुना मानला जाणारा यू वृक्ष. जवळच ब्रशर मिल्सची कबर आहे. कोळसेवाल्याच्या झोपडीत राहून त्याने हजारो साप पकडले, काही लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला पाठवले. 1905 मध्ये तो गेला, तेव्हा लोकांनी त्याला संगमरवरी दगड उभारला.

आम्ही आलो होतो सुखा नावाच्या माणसाच्या कबरीसाठी. पहिल्या महायुद्धात या गावातली हॉटेलं आणि शेजारची मैदानं जखमी हिंदी शिपायांची इस्पितळं झाली होती. लेडी हार्डिंज इस्पितळात बरेलीचा सुखा सफाई कामगार होता. 12 जानेवारी 1915 रोजी तो वारला, वय तीस. हिंदूंनी जातीमुळे त्याच्यावर संस्कार करायचं नाकारलं, वोकिंगच्या मुस्लिम दफनभूमीत तो मुसलमान नाही म्हणून जागा मिळाली नाही, असं सांगतात. अखेर इथल्या पाद्र्याने आपल्या अंगणात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो ख्रिस्ती नव्हता, पण त्याने आयुष्य इतरांसाठी वेचलं, असा मजकूर त्यावर आहे. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. बहिणीने दगडावरचं शेवाळ रुमालाने पुसलं आणि सुखाचं नाव मोठ्याने वाचलं. इतक्या दूर येऊनही जातीने त्याची पाठ सोडली नाही, आणि परक्या गावाने त्याला दगडावर नाव दिलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तट्टांची हाकणी होती. शरद ऋतूत कॉमनर घोड्यांवर बसून एकेका भागातली तट्टं हाकून लाकडी कोंडवाड्यात आणतात. आधी लांबून शिट्ट्या आणि हाका, मग जमीन थरथरू लागते, आणि हेदरमधून तीस-चाळीस तट्टं एकाच लाटेत कोंडवाड्याच्या तोंडाशी येतात. फाटक बंद झालं की घामाचा आणि चिखलाचा वास भरून राहतो. ॲजिस्टर म्हणजे व्हर्डररांचा नोकर. तो कात्री घेऊन शेपटीच्या केसांना ठरलेल्या नमुन्यात कापतो. प्रत्येक ॲजिस्टरचा नमुना निराळा. शेपटी कापलेली असली की त्या वर्षाची चराईपट्टी भरली हे लांबून कळतं. काही गळ्यांत चकाकणारे पट्टे अडकवले; रात्री गाडीच्या दिव्यात तट्टू दिसावं म्हणून.

कठड्याशी एक साठीच्या बाई आपली घोडी शोधत उभ्या होत्या. कपड्यांवर चिखल, चेहरा उन्हाने रापलेला. त्यांना आपल्या सगळ्या घोड्यांच्या आया, आज्या ठाऊक होत्या. पैसा यात नाही, त्या म्हणाल्या. शिंगरांना भाव येत नाही, आणि शहरातले लोक सुट्टीची घरं विकत घेतात तशी घरांची किंमत इतकी चढते की त्यांच्या मुलाला इथे राहणं परवडत नाही. तो वीस मैलांवरून पहाटे येऊन जनावरं बघतो. हक्क कागदावर आहे, पण तो वापरायला माणूस रानाजवळ राहायला हवा.

तुमच्याकडे कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी गायरानांवरची अतिक्रमणं सांगितली, 1878 सांगितलं, आणि मग 2006 चा वनहक्क कायदा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा स्वतःच्या परवान्याने बांबू विकते, हे सांगितल्यावर त्यांनी कठड्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे वळल्या. "हिशोब कोण ठेवतं? निर्णय मताधिक्याने होतात का?" मी म्हटलं, हिशोब ग्रामसभाच ठेवते, आणि निर्णय सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून घेतात. त्यांनी त्या गावाचं नाव लिहून मागितलं. मी तिकिटाच्या पाठीवर रोमन लिपीत लिहून दिलं, त्यांनी ते दोनदा वाचून उच्चार बरोबर आहे का विचारलं. तेवढ्यात कोंडवाड्यात त्यांच्या घोडीचा नंबर आला, आणि तिची शेपटी कापताना धरायला त्या फाटक उघडून आत गेल्या.